वाटी बदलली, पण रिझल्ट कुठल्या पेपरचा?

आपल्याकडं गुडघ्याचं ऑपरेशन म्हणलं की लोकं सरळ "वाटी बदलली" म्हणतात, खुब्याचं असलं तर "गोळा बदलला". आणि वाटी बदलायचा विषय घरात निघाला की पहिला प्रश्न पैशाचा आणि लगेच दुसरा, "डॉक्टर, शंभरातले किती बरे होतात?" डॉक्टर सांगतात ९५. कुणी दुसरा सांगतो ८०. मग शेजारचा येऊन सांगतो की आमच्या पाहुण्यात दोघांनी केलं, एकजण खुश आहे आणि दुसरी अजून कण्हायलीय. घरचे गोंधळतात, आणि त्यांना वाटतं की कुणीतरी खोटं बोलायलंय. खरं म्हणजे बऱ्याच वेळा कुणीच खोटं बोलत नसतं, सगळ्यांचे आकडे खरे असतात, फक्त मोजायची पट्टी वेगळी असते. मी लातूरात फिजिओथेरपीच्या कामात आहे, असले फॉर्म रोज भरून घेतो, म्हणून म्हणलं हे एकदा नीट सांगावं.

इंग्लंडचं उदाहरण घेतो कारण त्यांच्याकडं याचा रेकॉर्ड चांगला आहे. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेनं एप्रिल २००९ पासून नियम केला की खुबा किंवा गुडघा बदलणाऱ्या पेशंटकडून ऑपरेशनच्या आधी एक फॉर्म भरून घ्यायचा आणि साधारण सहा महिन्यांनी परत तोच फॉर्म. डॉक्टरला काय वाटतं ते यात नाही, पेशंटला काय वाटतं तेवढंच. फॉर्ममधे तीन गोष्टी. एक, त्या सांध्यापुरते १२ प्रश्न, त्याला ऑक्सफर्ड स्कोअर म्हणतात. दुसरं, एकूण तब्येतीचे ५ प्रश्न, त्याचं नाव ईक्यू-५डी. आणि तिसरी एक उभी पट्टी, ० ते १००, "आज तुमची तब्येत कशी आहे, इथं खूण करा". आता बघा, गुडघ्याच्या पेशंटमधे ऑक्सफर्डवर सुधारलेले निघतात ९४-९५ टक्के. त्याच लोकांचं ईक्यू-५डी बघितलं की ८० टक्क्यांच्या आसपास. आणि त्या उभ्या पट्टीवर? साठच्याही आतच. माणसं तीच, ऑपरेशन तेच, फॉर्मही एकाच दिवशी भरलेला. मग दवाखान्याच्या बोर्डावर कुठला आकडा लिहायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि कुठला लिहिला जातो ते सांगायची गरज नाही.

लातूरच्या माणसाला हे समजवायला सोपं आहे. आपल्या गावात पोराला मार्क किती पडले हे विचारतात तेव्हा कुठल्या परीक्षेत हे आपण आपोआप विचारतो, बोर्डाच्या पेपरात ९५ आणि नीटच्या पेपरात ९५ याचा अर्थ एक लावायला इथलं शेंबडं पोरगंही तयार होणार नाही. सांधेबदलाच्या रिझल्टचंही तसंच आहे, आधी पेपर बघायचा, त्यात काय विचारलंय ते बघायचं, मग मार्क.

तर ऑक्सफर्डचा पेपर. खुब्याचा १९९६ ला आला आणि गुडघ्याचा १९९८ ला. १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, म्हणजे पैकीच्या पैकी ४८. मागच्या चार आठवड्यात किती दुखलं, रात्री झोपेत दुखतं का, लंगडता का, गुडघा एकदम दगा देतो असं वाटतं का, जिना उतरता येतो का, स्वतः बाजार करून येता का, असले प्रश्न. पेपर छोटा आहे, पाच-सात मिनिटात होतो, आणि मुख्य म्हणजे ऑपरेशननं जे बदलतं नेमकं तेच विचारतो म्हणून बदल झटकन दिसतो. इंग्लंडच्या आकड्यात खुब्याच्या पेशंटला सरासरी २१-२२ गुण वाढतात आणि गुडघ्याच्याला १६-१७. खुबा नेहमीच पुढं असतो, हे सगळीकडं दिसतं, गुडघा हा जरा हट्टीच सांधा आहे.

यात एक खड्डा आहे, नेटवर वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा. सुरुवातीला हा स्कोअर उलटा होता, १२ ते ६०, आणि १२ म्हणजे सगळ्यात चांगलं. नंतर ०-४८ झालं आणि ४८ चांगलं झालं. म्हणजे जुन्या पेपरात २० म्हणजे माणूस मजेत आणि नव्यात २० म्हणजे हाल. वोमॅक नावाचा दुसरा जुना फॉर्म आहे, कॅनडातला, १९८८ चा, २४ प्रश्नांचा, ५ दुखण्याचे, २ आखडण्याचे आणि १७ हालचालीचे, त्यातही मूळ हिशोबात ९६ म्हणजे सगळ्यात वाईट, पण कितीतरी जण तो उलटा करून १०० पैकी चांगलं असा लिहितात. रिपोर्टवर नुसता आकडा बघून खुश नाहीतर नाराज होऊ नका.

आता आपल्याकडची खरी अडचण. ऑक्सफर्डच्या गुडघ्याच्या फॉर्ममधे एक प्रश्न आहे, टेबलावर जेवण झाल्यावर खुर्चीतून उठताना किती दुखतं. औशाकडच्या एका काकूंना मी हा प्रश्न वाचून दाखवला, त्यांचा उजवा गुडघा बदलून सहा महिने झाले होते. काकू माझ्याकडं बघायल्या. "टेबलावर कोण जेवतंय बाबा?" मग म्हणलं बरं, खुर्चीतून उठताना सांगा. "खुर्चीतून काय, उठतेय की चांगलं." शेजारी पोरगा बसलेला, तो म्हणला, लिहा सर, आई एकदम ओके आहे, पहिल्यापेक्षा लई फरक आहे, मळ्यापर्यंत चालत जायलीय. काकू तोपर्यंत गप्प. मग हळूच म्हणल्या, "चालायलेय खरं, पण खाली बसायला येईना. पंगतीत मलाच खुर्ची देतात, बाकीच्या बाया खाली अन् मी एकटी वर." त्यांचा स्कोअर ४१ आला. ४८ पैकी ४१ म्हणजे जगातल्या कुठल्याही जर्नलमधे उत्तम. आणि ज्या गोष्टीसाठी काकू मनातून खट्टू होत्या तिला त्या अख्ख्या पेपरात प्रश्नच नव्हता.

आपलं अर्धं जगणं जमिनीवर आहे ना. खाली बसून भाकरी थापायची, उकिडवं बसून खुरपायचं, संडास अजून बऱ्याच घरात इंडियनच, भजनाला मांडी घालून बसायचं, पोथी ऐकायची. वोमॅकमधे मोजे घालणं, मोजे काढणं असे दोन वेगळे प्रश्न आहेत, कारमधे चढणं-उतरणं आहे, बाथटबमधे शिरणं-निघणं आहे. आमच्याकडच्या शेतकरी बाईला मोजे कुठले आणि बाथटब कुठला, तिला एसटीची पहिली पायरी चढता येते का ते विचारा, ती पायरी किती उंच असते माहितीच आहे. म्हणून आपल्याकडं काही ठिकाणी या फॉर्ममधे बदल करून घेतलेत, पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसनं वोमॅकचा असाच आपल्या राहणीला बसेल असा फॉर्म केला आणि तो संशोधनात वापरलाही गेला. पण बहुतेक ठिकाणी अजून मूळचेच फॉर्म नुसतं भाषांतर करून चालवतात. भाषांतर झालं म्हणजे प्रश्न आपला झाला असं होत नाही, हे माझं स्पष्ट मत.

ऑक्सफर्डमधे गुडघे टेकून परत उठता येतं का हा प्रश्न मात्र आहे. पण त्याला मार्क किती, तर ४८ पैकी ४. एखाद्या चाचांना नमाजला गुडघे टेकता येत नाहीत, मशिदीत मागं खुर्चीवर बसून पढावी लागते, बाकी सगळं झकास, तर त्यांना ४४ पडतील. कागदावर चारच मार्क गेले, त्यांच्या दिवसातून पाच वेळा काय गेलं ते वेगळं. सगळ्या प्रश्नांना सारखं वजन दिलं की हे होणारच.

बरं मग सांध्यापुरतं न विचारता एकूण जगण्याचंच विचारलं तर? तसले फॉर्म पण आहेत, कुठल्याही आजाराला चालणारे. एसएफ-३६ हा १९९२ चा, ३६ प्रश्न, आठ विभाग, शरीर, दुखणं, उत्साह, चार लोकांत मिसळणं, मन वगैरे. सांधेबदलानंतर यातले शरीराचे आकडे चांगले वर जातात, मनाचे मात्र फारसे हलत नाहीत. याचा अर्थ ऑपरेशननं मनाला बरं वाटत नाही असा काढू नका. बऱ्याच पेशंटचं मन आधीही तसं खंबीरच असतं, दुखणं होतं ते गुडघ्यात, मग जिथं आधीच मार्क बरे होते तिथं वाढणार किती.

आणि ईक्यू-५डी, म्हणजे चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, नेहमीची कामं, दुखणं, आणि चिंता-उदासी, एवढे पाचच. मला हा फॉर्म एका कारणासाठी आवडतो. "नेहमीची कामं" असं मोकळं विचारलंय, त्यात ज्याची जी कामं असतील ती तो धरतो, मास्तरला शाळा, बाईला धुणंभांडं आणि खुरपणी, चाचांना नमाज. युरोपातल्या लोकांनी केलेला असूनही या एका प्रश्नात आपलं जमिनीवरचं जगणं मावतं, ऑक्सफर्डच्या टेबल-खुर्चीत ते मावत नाही.

पण ईक्यू-५डी चा आकडा कसा काढतात ते कळलं पाहिजे, तिथंच खरी गंमत आहे. या पाच उत्तरांची नुसती बेरीज करत नाहीत. जुन्या फॉर्ममधे प्रत्येकाला तीन पर्याय होते, त्रास नाही, थोडा आहे, फार आहे, म्हणजे एकूण २४३ अवस्था होतात. प्रत्येक अवस्थेची "किंमत" आधीच ठरवून ठेवलेली असते, १ म्हणजे ठणठणीत, ० म्हणजे मरण. ही किंमत कुणी ठरवली? सामान्य लोकांनी. ब्रिटनमधे १९९३ साली तीनेक हजार लोकांच्या घरी जाऊन विचारलं, समजा अशा अवस्थेत तुम्हाला १० वर्षं काढायचीत, त्याऐवजी एकदम ठणठणीत राहून कमी वर्षं जगायला मिळालं तर किती वर्षांवर तयार व्हाल? कुणी म्हणलं ६, तर त्या अवस्थेची किंमत ०.६. आपल्याकडं दुखण्यानं जेरीस आलेला माणूस "यापेक्षा मरण परवडलं" म्हणतो, तर या पट्टीत त्यालाही जागा आहे, किंमत शून्याच्या खाली जाते, ब्रिटनच्या हिशोबात सगळ्यात वाईट अवस्था उणे ०.५९४.

आता एक हिशोब बघा. चालायला थोडा त्रास, नेहमीच्या कामात थोडा त्रास, दुखणं थोडं, बाकी ठीक, याची ब्रिटनच्या तक्त्यात किंमत ०.६९१. याच माणसानं फक्त दुखण्याच्या खणात "थोडं" ऐवजी "फार" वर टिक केली की किंमत डायरेक्ट ०.१५९. एका टिकेनं अर्ध्याहून जास्त जीव गेला! कारण त्या तक्त्यात "फार" आलं की वरून एक जादा दंड लागतो. म्हणून सांधेबदलाच्या आधी या पट्टीवर पेशंटचे सरळ दोन गठ्ठे पडलेले दिसतात, एक वरचा, एक खालचा, मधे माणसं कमी. आणि खालच्या गठ्ठ्यातला माणूस ऑपरेशननंतर "फार" वरून "थोडं" वर आला की प्रचंड सुधारणा दिसते, पण वरच्या गठ्ठ्यातला आधीही "थोडं" आणि नंतरही "थोडं" च राहिला तर काहीच दिसत नाही, भले त्याला निम्मं बरं वाटत असेल. हे दुरुस्त करायला पुढं पाच पर्यायांचा फॉर्म आला, त्यात ३१२५ अवस्था होतात, आणि भारतातल्या लोकांनी दिलेल्या किमतींचा तक्ताही आता आहे, चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या टीमचं ते काम, २०२२ मधे प्रसिद्ध झालं. आता परदेशी माणसाच्या किमतीनं आपलं दुखणं मोजायची गरज नाही, हे चांगलंच झालं.

एसएफ-३६ मधूनही असाच ०-१ चा आकडा काढतात, त्याला एसएफ-६डी म्हणतात. पण तिथं किंमत ठरवायची रीत वेगळी, तिथं जुगार विचारतात. समजा एक उपचार आहे, लागू पडला तर एकदम ठणठणीत आणि नाही पडला तर मरण, किती टक्के खात्री असली तर हा उपचार घ्याल? मरणाचं नाव आलं की माणूस मागं सरतो, म्हणतो आहे तेच बरं, त्यामुळं वाईट अवस्थेलाही किंमत बरी मिळते. मूळ एसएफ-६डी त्यामुळं ०.३ च्या खाली फारसा जातच नाही. म्हणून लई दुखणारा पेशंट ईक्यू-५डी वर तळातून वर येतो आणि एसएफ-६डी वर जागेवरनं जरा वर सरकतो. एकच माणूस. कॅनडात खुबा बदलणाऱ्या पेशंटवर अशा वेगवेगळ्या पट्ट्या एकदमच लावून बघितल्या होत्या, काही पट्ट्यांच्या गटाच्या सरासऱ्या जवळपास आल्या पण एकेक माणूस धरून बघितलं तर आकडे जुळता जुळेनात.

कुणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, सांध्याचं सांध्यानं मोजा. पण सरकारला ठरवायचं असतं की योजनेतले पैसे गुडघ्याला द्यायचे, मोतीबिंदूला की डायलिसिसला. ऑक्सफर्ड स्कोअरनं मोतीबिंदू मोजता येत नाही. ०-१ ची पट्टी सगळ्याला लागते. जगण्याची किंमत ०.३ नं वाढली आणि ती १० वर्षं टिकली, तर ३ "चांगली वर्षं" मिळाली असा हिशोब मांडतात आणि खर्चाला त्या वर्षांनी भागतात. आपल्याकडं केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ पासून असल्या हिशोबासाठी वेगळी यंत्रणा आहे. आता वर सांगितलेलं आठवा, वाढ ०.३ धरायची की ०.१५ हे पट्टीवर ठरतं, आणि त्यावर ऑपरेशन परवडतं की नाही ते ठरतं. म्हणून पट्टीवरून तज्ज्ञ लोक भांडत असतात, ते उगाच नाही.

दुसरं टोक म्हणजे पेपर सोपा पडणं. खुबा बदललेल्या कितीतरी लोकांना वर्षभरानं पैकीच्या पैकी मिळतात, मग त्यातला बरा कोण आणि एकदम झकास कोण हे कळायला मार्ग नाही. यासाठी २०१२ मधे एक वेगळाच फॉर्म आला, त्यात दुखतं का असं विचारतच नाहीत, विचारतात की तुम्हाला त्या सांध्याची आठवण येते का. रात्री झोपल्यावर, जिना चढताना, तासभर बसल्यावर, खालून उठताना. विसरलात म्हणजे भरपूर मार्क. चांगला विचार आहे, कारण चांगल्या दाताची कुणाला आठवण असते.

गुडघा बदललेल्यांत साधारण पाचातला एक जण समाधानी नसतो, हा आकडा बऱ्याच देशांत फिरून फिरून येतो, खुब्यात तो बराच कमी. आणि नाराज लोकांत चांगल्या स्कोअरवालेही असतात. कारण अपेक्षा. ऑपरेशननंतर बरेच डॉक्टर खाली बसू नका, इंडियन संडास नको असं सांगतात, खुब्याला तर गोळा निसटायची भीती असते म्हणून काही काळ जास्तच जपायला लावतात, आणि हे जर आधी कानावर घातलं नसेल तर माणसाला वाटतं आपलं ऑपरेशन फसलं. आधी सांगितलं असतं तर त्याच काकू खुर्चीसकट खुश राहिल्या असत्या, निदान कमी खट्टू झाल्या असत्या.

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर फॉर्म ऑपरेशनच्या आधी भरून घ्या, हे सगळ्यात महत्वाचं. ऑक्सफर्डचा नंतरचा ३८ एकटा काहीच सांगत नाही, आधी १४ होता की ३२ यावर सगळं आहे. ज्याचा आधीच ३५ आहे त्याला वाढायला जागाच थोडी, त्यानं घाई करायची का याचा विचार डॉक्टरांसोबत बसून करावा. आणि एक-दोन गुणांच्या फरकानं हुरळू नका, दोन गटांची सरासरी ताडून बघताना ऑक्सफर्डवर ५ गुणांच्या आसपास फरक असला तरच त्याला अर्थ आहे असं धरतात. फॉर्म पेशंटनंच सांगितला पाहिजे, पोरानं नाही, सुनेनं तर अजिबात नाही. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा पण उत्तर तोंडात घालू नका. आणि शक्यतो डॉक्टरांसमोर नको, "साहेबाला वाईट वाटंल" म्हणून आपली माणसं सगळं बरंय म्हणून टाकतात, विशेषतः फुकटात ऑपरेशन झालं असलं की. फॉर्मच्या मागच्या बाजूला पेशंटच्याच शब्दात दोन-तीन कामं लिहून ठेवा, तुळजापूरच्या पायऱ्या, एसटी, पंगत, जे असेल ते, आणि सहा महिन्यांनी आणि वर्षानं तेवढंच परत विचारा. सहा आठवड्याला भरलेल्या फॉर्मवर मत बनवू नका, तेव्हा सूज असते, झोप झालेली नसते, तो फॉर्म बऱ्याच जणांचा वाईट येतो.

आणि दुसरा गुडघा. ऑक्सफर्डमधे प्रश्न बदललेल्या गुडघ्याचे असतात, पण जिना काय एका पायानं उतरतात का? डावा तसाच झिजलेला असला तर उजवा कितीही चांगला बसला तरी चालायचे, बाजाराचे, जिन्याचे मार्क जाणारच, आणि ते नव्या वाटीच्या नावावर खपणार. म्हणून फॉर्म भरताना कोपऱ्यात "डावा बाकी आहे" एवढं तरी लिहायला सांगा.